दप्तरातला दिवा

सायकलचा दिवा, विजेरी या आपल्या नेहमीच्या वस्तू आहेत. गरजेच्या वेळी त्या लागल्या नाहीत की आपण त्यांना नावे ठेवतो. परंतु पुष्कळदा गरज नसताना त्या लागून राहिलेल्या असतात. असे का होते आणि ते कसे टाळावे, हे या पाठात एका विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुभवातून सांगितले आहे.

मी नववीत होतो तेव्हाची ही गोष्ट. आमचे गाव जळगाव जिल्ह्यात, एरंडोलपासून पाच-सहा किलोमीटर आत आहे. मी रोज सायकलने एरंडोलला शाळेत जात असे. शाळा अकराला भरे आणि पाचला सुटे. त्या वर्षी दिवाळीनंतर गणिताचा जादा तास सुरू झाला. तो सहाला संपे. डिसेंबर महिन्यात आमच्याकडे सूर्य सहाच्या आधीच मावळतो. मी गावाच्या वाटेला लागेपर्यंत अंधार पडलेला असे.

अब्बांनी मला जळगावहून सायकलचे दोन छोटे दिवे आणून दिले. पांढरा दिवा पुढे लावायचा आणि लाल दिवा मागे. दोन्ही दिवे रबरी पट्ट्याने सायकलला बसवता येत आणि काढताही येत. मोबाइलच्या चार्जरवर ते चार्ज होत. डोक्यावरचे बटन एकदा दाबले की दिवा लागे.

अब्बा म्हणाले, "बेटा, शाळेत सायकल उभी केलीस की दिवे काढून दप्तरात ठेवत जा. कोणी नेले तर रात्री काय करशील?"

मी त्यांचे ऐकले. रोज दिवे काढून दप्तरात टाकू लागलो. दप्तरात वह्या-पुस्तके, जेवणाचा डबा, कंपासपेटी आणि पाण्याची बाटली असे. त्या गर्दीत दिवे कोठेतरी दबून राहत. पंधरा दिवस काही झाले नाही.

एका संध्याकाळी तास संपला. मी दिवे सायकलला लावले आणि बटन दाबले. पांढरा दिवा क्षणभर मिणमिणला आणि विझला. लाल दिवा तर लागलाच नाही. आदल्या रात्री मी दोन्ही दिवे चार्ज केले होते. मला वाटले, दिवे बिघडले. ओळखीचाच रस्ता आहे, हळूहळू जाऊ, असा विचार करून मी निघालो.

कापसाचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला कापसाने भरलेली एक बैलगाडी उभी होती. तिचे चाक खड्ड्यात अडकले होते. गाडीला कंदील नव्हता आणि माझ्या सायकलला दिवा नव्हता. गाडी मला अगदी जवळ गेल्यावर दिसली. मी ब्रेक दाबला, पण सायकल गाडीच्या मागच्या लाकडावर आदळली. मी खाली पडलो. कोपर आणि गुडघा खरचटला. सायकलचे पुढचे चाक वाकडे झाले.

गाडीवाले धावत आले. ते आमच्याच गावचे शेतकरी होते. सारा गाव त्यांना 'नाना' म्हणतो. आमच्या घरात 'नाना' म्हणजे आईचे वडील. खानदेशात मात्र गावातल्या वडीलधाऱ्या माणसालाही आदराने नाना म्हणतात. नानांनी मला उठवले, पाणी पाजले आणि गुडघ्यावर आपला रुमाल बांधला.

"पोरा, दिवा नाही का तुझ्याकडे?" त्यांनी विचारले.

"आहे नाना, पण लागत नाही."

"वेळेला लागत नाही, मग तो असून नसल्यासारखाच. चूक माझीही आहे म्हणा. गाडीला कंदील बांधायला हवा होता. मागून मोटार आली असती तर?"

नानांनी दप्तरात हात घालून पाहिला. मग हसून म्हणाले, "दिवा बिघडलेला नाही. तो दिवसभर दप्तरात जळत होता. डब्याने बटन दाबले गेले असणार. माझीही बॅटरी एकदा अशीच झोळीत जळून गेली होती."

पुस्तकात जिला 'विजेरी' म्हणतात, तिला आमच्या गावात सगळे 'बॅटरी' म्हणतात. शेतकऱ्याला ती फार लागते. आपल्याकडे शेतीच्या पंपांना वर्षानुवर्षे पाळीपाळीने वीज मिळत आली. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. परंतु रात्रीची पाळी आली की शेतकऱ्याला अंधारातच पाणी भरायला जावे लागे. केळीच्या बागेत आणि बांधावर नाग, घोणस, मण्यार, फुरसे यांसारखे विषारी साप असू शकतात. मण्यार तर रात्रीच बाहेर पडते. अशा वेळी हातातली बॅटरी म्हणजे माणसाचे डोळेच.

नाना म्हणाले, "त्या रात्री मी बागेत पोचलो आणि बॅटरी लागेना. पाऊल टाकायचे धाडस झाले नाही. पहाटेपर्यंत मोटारीजवळ बसून राहिलो. पाळी गेली, पाणी गेले. तेव्हापासून मी बॅटरीतला एक सेल उलटा घालून ठेवतो. घरातून निघताना तो सरळ करतो."

सेल उलटा घातल्याने काय होते, हे मला त्या वेळी समजले नाही. घरी अम्मीने जखमा धुऊन औषध लावले. अब्बा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "रविवारी मामूंकडे जा. सायकलचे चाक नीट करून घे आणि दिवाही दाखव."

माझ्या मामूंचे धुळ्याला सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. रविवारी मी वाकडे चाक एसटीच्या टपावर टाकले आणि पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. धुळ्यात गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. त्यामुळे दुकान सापडायला कधी अडचण येत नाही.

मामूंनी चाक शिकंजात धरले आणि तारा कसायला घेतल्या. काम करता करता त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकली.

"बेटा, तू नववीत आहेस. आधी हिशेब कर," ते म्हणाले. "तुझ्या दिव्यावर काय लिहिले आहे?"

मी वाचले, "२००० मिलिअँपिअर-तास."

"आणि तो मोठ्या उजेडावर साधारण ५०० मिलिअँपिअर वीज घेतो असे धर. मग किती तास चालेल?"

"दोन हजार भागिले पाचशे. चार तास."

"तू अकराला दिवा दप्तरात ठेवलास. साडेअकराला तो लागला असेल तर केव्हा विझेल?"

"साडेतीन वाजता."

"आणि तुला तो हवा होता सहा वाजता. म्हणजे दिव्याने आपले काम पूर्ण केले. फक्त ते दप्तरातल्या पुस्तकांसाठी केले."

मला हसू आले, पण गुडघाही आठवला.

मामूंनी फळीवरून एक जुना डायनमो काढून दाखवला. "पूर्वी सायकलला हा असे. याचे डोके टायरला टेकवले की चाकाबरोबर फिरे आणि वीज तयार होई. सायकल थांबली की दिवा विझे, हा त्याचा दोष. पण हा दिवा दप्तरात कधी लागला नाही. आता दिवा खिशात मावतो. सोय वाढली, तशी काळजीही वाढली."

मग त्यांनी विजेरीची गोष्ट सांगितली. १८९९ साली अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना हातात धरायच्या विजेरीचे पेटंट मिळाले. त्या काळातले सेल कमजोर होते आणि बल्बही वीज फार खात. त्यामुळे विजेरी थोडा वेळ लावून पुन्हा बंद करावी लागे. म्हणून अमेरिकेत तिला 'फ्लॅशलाइट' हे नाव पडले. फ्लॅश म्हणजे क्षणभर चमकणारा उजेड. पुढे सेल सुधारले. नंतर एलईडी आले. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळेच थोड्या विजेवर पांढरा लख्ख उजेड मिळू लागला.

"दिवे इतके सुधारले, मग ते चुकून का लागतात?" मी विचारले.

"कारण बटनाला हात आणि डबा यांतला फरक कळत नाही. ज्याने दाबले त्याचे ते ऐकते. म्हणून विचार आपण करायचा. आता नीट पाहा."

मामूंनी दोन सेलची एक साधी बॅटरी उघडली. "हा पहिला उपाय, तुझ्या नानांचा. प्रत्येक सेल दीड व्होल्टचा. दोन्ही सेल एकाच दिशेने ठेवले की तीन व्होल्ट मिळतात. एक सेल उलटा ठेवला की दोघे एकमेकांविरुद्ध जोर लावतात. दीडमधून दीड गेले, उरले शून्य. बटन दाबले तरी दिवा लागत नाही. पण हा उपाय अशा साध्या बॅटरीसाठीच. चार्ज होणाऱ्या लिथियमच्या सेलवर तो कधी करू नकोस. त्यात धोका आहे."

मग त्यांनी प्लॅस्टिकचा एक पातळ तुकडा कापला आणि सेल व स्प्रिंग यांच्यामध्ये सरकवला. "हा दुसरा उपाय. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. वाट अडली की दिवा बंद. नव्या खेळण्यात अशी पट्टी असते, ती ओढून काढल्यावरच खेळणे चालते."

तिसरा उपाय त्याहून सोपा होता. मामूंनी बॅटरीचे मागचे झाकण अर्धा फेरा सैल केले. आतली जोडणी तुटली. बटन दाबून पाहिले, दिवा लागला नाही. झाकण पुन्हा घट्ट केले आणि बटन दाबले, दिवा लागला.

"पण मामू, माझा दिवा तर उघडतच नाही. त्यातले सेल दिसत नाहीत."

"म्हणून चौथा उपाय. काही दिव्यांना कुलूप असते. बटन दोन-तीन सेकंद दाबून धरले की ते बंद होते आणि पुन्हा तसेच धरले की उघडते. दिव्याबरोबर आलेला कागद वाचलास का?"

मी तो कागद फेकून दिला होता. मी मान खाली घातली.

मामूंनी बटन दाबून धरून पाहिले. माझ्या दिव्याला असे कुलूप नव्हते. ते उठले आणि शेजारच्या दुकानातून साबण ठेवायची प्लॅस्टिकची डबी घेऊन आले. तिच्यात त्यांनी दोन्ही दिवे ठेवले. दिवे हलू नयेत म्हणून जुन्या ट्यूबचे दोन तुकडे आजूबाजूला बसवले. डबीचे झाकण बटनाला टेकत नव्हते.

"कापडी पिशवी दाबली की आतली वस्तू दाबली जाते. टणक डबी दाबली तर डबीच दाब सोसते. बटनाला काही कळतही नाही. हा पाचवा उपाय, आणि तुझ्यासाठी हाच योग्य."

मी म्हणालो, "त्यापेक्षा बटनावर ट्यूबचा रबर बांधला तर?"

"उलटेच होईल. उंच बटनावर घट्ट रबर बांधला तर तो रबरच बटन दाबून ठेवील. उपाय करण्यापूर्वी बटन कसे आहे ते पाहावे. सरकवायचे बटन असेल तर त्याच्यावर रबर चालतो. दाबायचे असेल तर त्याच्यावर जागा मोकळी हवी."

मग मामूंनी मला दुकानातल्या गॅसच्या शेगडीकडे नेले. त्यावर चहा उकळत होता. "हिचे बटन कसे फिरते?"

"आधी आत दाबायचे, मग फिरवायचे."

"नुसता धक्का लागला तर गॅस सुरू होत नाही. का? एक क्रिया चुकून होते. दोन वेगळ्या क्रिया एकापाठोपाठ चुकून होत नाहीत. आपले सगळे उपाय याच नियमावर आहेत. डबी उघडायची, मग बटन दाबायचे. झाकण कसायचे, मग बटन दाबायचे. मनात असेल तर दोन क्रिया करायला वेळ लागत नाही. मनात नसेल तर दोन क्रिया होतच नाहीत."

ते वाक्य माझ्या मनात पक्के बसले.

निघताना मामूंनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. एक, साध्या सेलची बॅटरी चुकून जळत राहिली आणि सेल संपले, तर ते तसेच आत ठेवू नयेत. सेलचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते. वापरात ते झिजते. मग आतला रस बाहेर येतो आणि स्प्रिंग गंजवतो. दुसरी गोष्ट, मोठ्या उजेडाचा दिवा कपड्यांत दबून जळत राहिला तर तो फार तापतो. विमान कंपन्याही ही काळजी घेतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या प्रवाशाला मोठ्या सामानात देता येत नाहीत, हातातल्या पिशवीतच ठेवाव्या लागतात. पाणबुड्यांच्या फार तापणाऱ्या दिव्यांमधून तर बॅटरी वेगळी काढून ठेवावी लागते, म्हणजे दिवा चुकून लागणारच नाही.

घरी आल्यावर मी परीक्षा घेतली. रात्री खोलीतला दिवा मालवला. सायकलचे दिवे आधी डबीशिवाय दप्तरात टाकले, वर पुस्तके आणि डबा ठेवला आणि दप्तर हलवले. मग फटीतून डोकावलो. पुस्तकांच्या मागे पांढरा उजेड दिसला. मग दिवे डबीत घालून तसेच केले. दप्तर कितीही हलवले तरी आत अंधारच राहिला. तो अंधार पाहून मला जितका आनंद झाला, तितका कधी उजेड पाहूनही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ती डबी घेऊन नानांकडे गेलो. त्यांनी ती उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडली. "झकास आहे," ते म्हणाले. मग त्यांनी मला अंगणात नेले. बैलगाडीच्या मागे एक कंदील टांगलेला होता. त्याची काच राखेने स्वच्छ घासलेली होती.

"तू तुझा दिवा नीट केलास, मी माझा केला," नाना म्हणाले. "आता पुन्हा भेटलो तर एकमेकांना दिसू तरी."

त्या हिवाळ्यात जादा तास संपेपर्यंत मी अंधारात घरी येत राहिलो. तास संपला की डबी उघडायची, दिवे लावायचे आणि निघायचे. वाटेत नानांची गाडी भेटे. त्यांचा कंदील मला लांबून दिसे आणि माझा दिवा त्यांना. हवा तेव्हा उजेड मिळावा असे वाटत असेल, तर नको तेव्हा तो जपून ठेवावा लागतो, हे मी त्या रस्त्यावर शिकलो.

शब्दार्थ

विजेरी : सेलवर चालणारा हातातला दिवा, बॅटरी
मिणमिणणे : मंद उजेड देणे
पाळी : ठरलेली वेळ, क्रम
बांध : दोन शेतांमधली उंच कड
हकीकत : घडलेली गोष्ट
बजावणे : निक्षून सांगणे
मालवणे : दिवा बंद करणे
नावे ठेवणे : दोष देणे
असून नसल्यासारखे : जवळ असूनही उपयोगाचे नसलेले

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) अब्बांनी दिवे दप्तरात ठेवायला का सांगितले?
(आ) सायकल कशावर आदळली?
(इ) नाना विजेरीतला सेल कसा ठेवत?
(ई) अमेरिकेत विजेरीला 'फ्लॅशलाइट' हे नाव का पडले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) रात्री शेतात जाणाऱ्या माणसाला विजेरी का आवश्यक असते?
(आ) दोन सेलपैकी एक उलटा ठेवला तर दिवा का लागत नाही?
(इ) दाबायच्या बटनावर घट्ट रबर का बांधू नये?
(ई) "एक क्रिया चुकून होते. दोन वेगळ्या क्रिया एकापाठोपाठ चुकून होत नाहीत." हे गॅसच्या शेगडीच्या उदाहरणाने समजावून सांगा.

प्र. ३. हिशेब करा.
एका दिव्याची बॅटरी १२०० मिलिअँपिअर-तासांची आहे. दिवा ३०० मिलिअँपिअर वीज घेतो. दुपारी बारा वाजता तो चुकून लागला तर किती वाजता विझेल?

प्र. ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
अंधार, सैल, उलटा, सोपा, जुना

प्र. ५. वाक्यात उपयोग करा.
नावे ठेवणे, मान खाली घालणे, मनात पक्के बसणे

प्र. ६. 'नाना' या शब्दाचे पाठात दोन अर्थ आले आहेत. ते लिहा. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे आणखी पाच शब्द शोधा. त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते सांगा.

उपक्रम : तुमच्या घरातील विजेरी किंवा सायकलचा दिवा अंधाऱ्या खोलीत पिशवीत ठेवून पाहा. पिशवी हलवल्यावर तो लागतो का? लागत असेल तर पाठातील कोणता उपाय त्याला चालेल, हे वडीलधाऱ्यांना विचारून ठरवा आणि वर्गात सांगा.